किती वॅट, कुणाच्या घरात? गिटारसाठी नवा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प घेताना

मर्फी, बुश, फिलिप्सचे मोठे रेडिओ घरोघरी होते त्या काळात व्हॉल्व्ह म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नसे. बटण फिरवायचं, काचेच्या नळ्या तापेपर्यंत थांबायचं, मग हळूहळू आवाज उमटायचा. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये असे व्हॉल्व्ह देशातच बनत होते. १९४७ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर तयार झाला आणि पुढच्या तीसेक वर्षांत रेडिओ, टीव्ही, संगणक अशी सगळीकडून व्हॉल्व्हची गच्छंती झाली. इलेक्ट्रिक गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये मात्र तो ठाण मांडून राहिला. फेंडर, मार्शल, व्हॉक्स, ऑरेंज, मेसा बूगी, ब्लॅकस्टार या कंपन्या आजही नवे व्हॉल्व्ह अ‍ॅम्प बाजारात आणतात, आणि मुंबई-पुण्यातले, गोव्यातले गिटारवादक पैसे साठवून ते घेतात.

घ्यायचा कोणता, असा विषय निघाला की चर्चा दोन गोष्टींपाशी सुरू होते: कुठल्या नामवंत वादकाकडे कोणता अ‍ॅम्प आहे, आणि किती वॅटचा घ्यावा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांच्या आधी विचारायला हवा तो प्रश्न मात्र राहून जातो. हा अ‍ॅम्प रोज किती मोठ्याने वाजणार आहे? व्हॉल्व्ह अ‍ॅम्पमध्ये आवाजाची पातळी आणि आवाजाचा पोत एकमेकांत इतके गुंतलेले असतात की या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं तर निम्मी निवड तिथेच होते.

ही गुंतागुंत समजायला डब्याच्या आत काय चालतं ते पाहावं लागतं. गिटारच्या पिकअपमधून येणारा विजेचा संकेत फारच लहान, बहुतेकदा एका व्होल्टहूनही कमी असतो. तो आधी बोटाएवढ्या छोट्या व्हॉल्व्हमधून जातो. हा छोटा व्हॉल्व्ह म्हणजे जवळजवळ प्रत्येक अ‍ॅम्पमध्ये १२एएक्स७. युरोपात त्यालाच ईसीसी८३ म्हणतात. हा झाला प्रीअ‍ॅम्प. इथे संकेत वाढतो, बास-ट्रेबलच्या बटणांनी त्याला वळण मिळतं, आणि मग तो मोठ्या पॉवर व्हॉल्व्हकडे जातो. तिथून आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि शेवटी स्पीकर. व्हॉल्व्हला झेपेल त्यापेक्षा मोठा संकेत दिला की लहरीचे शेंडे कापले जातात आणि मूळ स्वरात नवे उपस्वर मिसळतात. चांगल्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पमध्ये हे कापणं एकदम होत नाही. हळू छेडलं तर स्वर स्वच्छ राहतो, जोर वाढवला की त्याला किंचित खरखर येते, आणखी जोर दिला की तो भरून वाहू लागतो. वादक याला ब्रेकअप म्हणतात. १९७३ साली रसेल हॅम या ध्वनिमुद्रण अभियंत्याने ऑडिओ इंजिनीअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात मायक्रोफोनच्या प्रीअ‍ॅम्पवर एक निबंध लिहिला. क्षमतेपलीकडे ताणल्यावर व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर वेगवेगळे उपस्वर निर्माण करतात, असं त्यात मांडलं होतं. गिटारवादकांना ते कानाने आधीच कळलेलं होतं.

आणखी एक गोष्ट कानापेक्षा हाताला जास्त कळते. जुन्या पद्धतीच्या अ‍ॅम्पमध्ये विजेच्या पुरवठ्यासाठीही एक व्हॉल्व्ह असतो, त्याला रेक्टिफायर म्हणतात. तार जोरात छेडली की क्षणभर पुरवठा कमी पडतो, स्वर किंचित दबतो आणि पुन्हा फुलून येतो. ब्लूज वाजवणाऱ्याला ही लवचीक चाल हवीहवीशी वाटते. तुटक, जलद रिफ वाजवणाऱ्याला तीच ढिली वाटते. म्हणूनच हेवी मेटलच्या बहुतेक अ‍ॅम्पमध्ये रेक्टिफायर सिलिकॉनचे असतात. मेसा बूगीने तर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दोन्ही प्रकार एकाच खोक्यात देऊन त्याचं नावच ड्युअल रेक्टिफायर ठेवलं.

आजच्या दुकानातल्या जवळपास प्रत्येक मॉडेलची वंशावळ तीन घराण्यांपर्यंत जाते.

पहिलं फेंडर. लिओ फेंडर कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी रेडिओदुरुस्ती करायचे. स्वतः गिटारवादक नव्हते, पण वादकांचं ऐकून घ्यायची त्यांना सवय होती. १९६३ साली आलेला डीलक्स रिव्हर्ब हा या घराण्याचा आजही सर्वांत जास्त ध्वनिमुद्रित होणाऱ्या अ‍ॅम्पपैकी एक. २२ वॅट, दोन ६व्ही६ पॉवर व्हॉल्व्ह, बारा इंची एक स्पीकर, स्प्रिंगचा रिव्हर्ब. त्याची ओळख स्वच्छ, चकचकीत स्वराची. मधले सूर थोडे मागे, वरचे-खालचे पुढे. १९९३ पासून फेंडर त्याची नवी आवृत्ती बनवत आहे. त्यावर मास्टर व्हॉल्यूम (प्रीअ‍ॅम्प कितीही ताणला तरी एकूण आवाज आवरणारं बटण) नाही आणि मिडलचं बटणसुद्धा नाही, हे घेण्याआधी लक्षात घ्यावं. त्याचा मोठा भाऊ ट्विन रिव्हर्ब ८५ वॅटचा, चार ६एल६ व्हॉल्व्हचा आणि सुमारे २९ किलो वजनाचा.

दुसरं घराणं मार्शल, आणि ते पहिल्याच्याच पोटातून निघालेलं आहे. पश्चिम लंडनमधल्या हॅनवेलला जिम मार्शल यांचं ड्रमचं दुकान होतं. तिथे येणाऱ्या पोरांना फेंडरचे अ‍ॅम्प हवे असत, पण आयात माल महाग. मग १९६२ मध्ये केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन या तंत्रज्ञांनी फेंडरच्या बासमनचा आराखडा घेऊन जेटीएम४५ बनवला. आराखडा तोच, पण सुटे भाग इंग्लंडमध्ये मिळतील ते. पहिल्या टप्प्यात जास्त वाढवणारा ईसीसी८३ आला. बासमनच्या उघड्या पाठीच्या चार दहा इंची स्पीकरांच्या जागी बंद कॅबिनेटमध्ये सेलेस्चनचे चार बारा इंची स्पीकर आले. पुढे पॉवर व्हॉल्व्हही बदलून ईएल३४ झाले. एवढ्या बदलांनी स्वर पार पालटला. मधले सूर पुढे आले, खरखर लवकर येऊ लागली. १९६६ साली जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्समध्ये एरिक क्लॅप्टन मार्शलचा कॉम्बो चढत्या आवाजात वाजवत होता, आणि रॉक गिटारचा स्वर कसा असावा याची कल्पना तिथून बदलली. आराखडा एक असूनही स्पीकर आणि काही भाग बदलल्यावर दुसरंच वाद्य तयार होतं, ही या इतिहासातली खरेदीदाराच्या सर्वांत कामाची गोष्ट.

तिसरं घराणं व्हॉक्स. केंट परगण्यातल्या डार्टफर्ड गावी टॉम जेनिंग्ज यांच्या कंपनीत डिक डेनी यांनी एसी१५ बनवला, आणि शॅडोजसारख्या बँडना आरडाओरडा करणाऱ्या श्रोत्यांपुढे तो पुरेना म्हणून एसी३० आला. बीटल्सनी तो जगभर नेला. क्वीनच्या ब्रायन मे यांनी घरी बनवलेली गिटार आणि ट्रेबल बूस्टर जोडून त्याच अ‍ॅम्पमधून स्वतःचा स्वर काढला. यातले ईएल८४ व्हॉल्व्ह आकाराने लहान, पण स्वर घुंगरासारखा किणकिणणारा. जाहिरातीत या अ‍ॅम्पना क्लास ए, म्हणजे व्हॉल्व्हमधला प्रवाह कधीच थांबत नाही अशा रचनेचे, म्हणण्याची जुनी प्रथा आहे. मोजून पाहिलं तर जोरात वाजवताना ते क्लास एबी निघतात. तेव्हा त्या एका अक्षरासाठी कुणी जास्त पैसे मोजू नयेत.

मेसा बूगीची कथा या तिन्हींनंतरची. कॅलिफोर्नियात रँडल स्मिथ यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस फेंडरच्या छोट्या प्रिन्स्टनमध्ये मोठी ताकद आणि बारा इंची स्पीकर बसवला. पुढे प्रीअ‍ॅम्पमध्ये एकामागून एक व्हॉल्व्हचे टप्पे जोडले, म्हणजे पॉवर व्हॉल्व्हला न छळताही दीर्घ, गाता स्वर मिळू लागला. कार्लोस सांताना यांनी तो उचलून धरला. मार्शलनेही १९७५ मध्ये मास्टर व्हॉल्यूम असलेलं २२०३ हे मॉडेल काढलं. तेच १९८१ पासून जेसीएम८०० या नावाने विकलं गेलं आणि त्या दशकातल्या हार्ड रॉकचा कणा ठरलं. १९६५ नंतरचा गिटार अ‍ॅम्पचा इतिहास असा वाचता येतो: जो स्वर फक्त कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात मिळत होता तो कमी आवाजात कसा मिळवायचा, याची ही पन्नास-साठ वर्षांची खटपट आहे. आजचा खरेदीदार त्याच खटपटीच्या ताज्या टप्प्यावर उभा आहे.

आता वॅटचा हिशेब. बाजारात सर्वांत जास्त गैरसमज याच आकड्याबद्दल आहे.

शंभर वॅटचा अ‍ॅम्प पन्नास वॅटच्या अ‍ॅम्पपेक्षा दुप्पट मोठा वाजत नाही. फरक ३ डेसिबलचा, म्हणजे कानाला जाणवेल एवढाच. आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल वाढ लागते आणि त्यासाठी ताकद दहापट करावी लागते. म्हणजे पाच वॅटच्या दुप्पट आवाज हवा तर पन्नास वॅट. याला स्पीकरचा आकडा जोडून पाहू. सेलेस्चनच्या व्हिंटेज ३० या लोकप्रिय स्पीकरची संवेदनशीलता १०० डेसिबल आहे: एक वॅट दिला की एक मीटरवर १०० डेसिबल. एकच वॅट! वीस वॅट दिले तर हिशेबाने ११३. वॅटचा दहावा भाग दिला तरी ९०. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र दहाला सुरू होते. दादरच्या किंवा कोथरूडच्या फ्लॅटमध्ये, शेजारची भिंत सहा इंचांवर असताना, वीस वॅटचा अ‍ॅम्प त्याच्या बहारीच्या जागी कधीच पोहोचत नाही. पंधरा वॅटचा पोहोचत नाही, आणि पाच वॅटचाही नाही.

म्हणून 'घरासाठी छोटा अ‍ॅम्प घे' हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. पाच वॅटचा साधा, एकच बटण असलेला अ‍ॅम्प घेतला आणि तो नेहमी दोनवर ठेवून वाजवला, तर पॉवर व्हॉल्व्ह झोपलेलेच राहतात. त्यात कानाचाही भाग आहे. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं की आवाज जितका हळू तितके खालचे आणि अगदी वरचे सूर कानाला कमी ऐकू येतात. दुकानात दणदणीत वाटलेला अ‍ॅम्प घरी पातळ का वाटतो, याचं बरंचसं उत्तर इथे आहे. अ‍ॅम्प तोच असतो. कान वेगळ्या पातळीवर ऐकत असतो.

छोटे अ‍ॅम्प कमअस्सल मात्र नव्हेत. डेरेक अँड द डॉमिनोजच्या १९७० च्या 'लैला' अल्बमसाठी क्लॅप्टन आणि डुएन ऑलमन यांनी फेंडरचा पाच वॅटचा चँप वापरला होता. नील यंग अनेक दशकं १९५९ सालच्या छोट्या फेंडर डीलक्सवर मोठमोठी मैदानं गाजवत आले आहेत, कारण श्रोत्यांपर्यंत आवाज मायक्रोफोन आणि मंचावरची ध्वनियंत्रणा (पीए) पोहोचवतात. स्टुडिओत आणि मायक्रोफोन लावलेल्या मंचावर छोटा अ‍ॅम्प पुरून उरतो. अडचण फक्त शांत घरात आहे.

त्या अडचणीवर आज तीन उपाय मिळतात, आणि नव्या अ‍ॅम्पची निवड बरीचशी या तिन्हींमधली आहे.

पहिला, प्रीअ‍ॅम्पमध्येच खरखर तयार करणारे मास्टर व्हॉल्यूमचे अ‍ॅम्प. मार्शलचे डीएसएल, ऑरेंजचे रॉकर, पीव्हीचे ६५०५, ईव्हीएचचे ५१५० हे सगळे या जातीचे. हार्ड रॉक आणि मेटलसाठी हा मार्ग निर्विवाद चांगला, कारण त्या संगीताचा स्वर मुळातच प्रीअ‍ॅम्पमध्ये घडतो. शिवाय घरात हळू वाजवतानाही तो फारसा बिघडत नाही.

दुसरा उपाय, ताकद कमी करायचा स्विच. मार्शलचा ओरिजिन २० हा २०, ३ आणि अर्धा वॅट अशा तीन पायऱ्यांवर चालतो. ऑरेंजचा रॉकर १५ थेट १५ वॅटपासून अर्ध्या वॅटपर्यंत उतरतो. मार्शलच्या स्टुडिओ मालिकेतले वीस वॅटचे अ‍ॅम्प ५ वॅटवर आणता येतात. त्यातला एक मार्शलच्याच जुन्या प्लेक्सी मॉडेलवर बेतलेला आहे, दुसरा जेसीएम८०० वर. हे स्विच उपयोगी आहेत, तरी वरचा हिशेब विसरू नये. अर्धा वॅट म्हणजेही चांगल्या स्पीकरवर ९७ डेसिबल. दुपारी, खिडक्या लावून ठीक. रात्री नाही.

तिसरा उपाय, अ‍ॅम्प आणि स्पीकर यांच्या मध्ये बसणारा अटेन्युएटर. बोस्टन या बँडचे गिटारवादक टॉम शोल्झ हे शिकलेले अभियंते. त्यांनी १९८० च्या सुमारास पॉवर सोक नावाचा असा डबा बाजारात आणला. पॉवर व्हॉल्व्ह पूर्ण ताकदीने चालतात, पण त्यातली बहुतेक ताकद उष्णता होऊन जाते. आजचे लोडबॉक्स, उदाहरणार्थ टू नोट्सचा कॅप्टर, युनिव्हर्सल ऑडिओचा ऑक्स किंवा बॉसचा ट्यूब अ‍ॅम्प एक्स्पांडर, याच्याही पुढे जातात. स्पीकर पूर्ण बंद ठेवून, कॅबिनेट आणि मायक्रोफोनची डिजिटल छाया जोडून आवाज थेट हेडफोनला किंवा संगणकाला देतात. ज्याला डीलक्स रिव्हर्ब किंवा एसी१५ मनापासून हवा आहे आणि जो फ्लॅटमध्ये राहतो, त्याने लोडबॉक्सचे पैसे सुरुवातीपासूनच हिशेबात धरावेत. नंतर पाहू म्हटलं तर तो अ‍ॅम्प दोन-तीन महिन्यांत कपड्याने झाकलेला दिसतो.

इथे एक धोक्याची सूचना आवश्यक आहे. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प स्पीकर किंवा लोड न जोडता कधीही चालू करू नये. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि तो अ‍ॅम्पमधल्या सर्वांत महागड्या भागांपैकी एक. स्पीकरचे ओहम आणि अ‍ॅम्पच्या मागचे ओहम जुळवावेत. आणि आत तीनशे-चारशे व्होल्टचा खेळ असतो. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा साठा राहू शकतो. कुतूहल म्हणून मागचा पत्रा उघडणं टाळावं.

स्पीकर हा या बाजारातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. वादक व्हॉल्व्हच्या ब्रँडवर तासन्‌तास वाद घालतात. प्रत्यक्षात एका कंपनीचा १२एएक्स७ काढून दुसरीचा लावल्याने जो फरक पडतो, त्याच्या कितीतरी पट फरक स्पीकर बदलल्याने पडतो. सेलेस्चनचा ग्रीनबॅक मऊ, मधल्या सुरांचा. तो २५ वॅटच झेलतो. व्हिंटेज ३० टोकदार आणि दणकट. व्हॉक्सच्या मूळ स्वरामागचा अल्निको चुंबकाचा ब्लू अवघ्या १५ वॅटचा, पण एसी३० मध्ये ते दोन असल्याने जमून जातं. आठ इंची स्पीकर आणि इवल्याशा खोक्यातून भरदार बास येणार नाही, मग आत व्हॉल्व्ह कितीही नामी असोत. पैसे मर्यादित असतील तर साधा अ‍ॅम्प आणि चांगला बारा इंची स्पीकर ही जोडी भारी अ‍ॅम्प आणि सुमार स्पीकरपेक्षा नक्कीच चांगली.

बांधणीबद्दलही एक श्रद्धा रूढ आहे: हाताने तारा जोडलेला अ‍ॅम्प सर्किट बोर्डवाल्यापेक्षा चांगला वाजतो. किमतीत मोठा फरक असतो हे खरं. पण नीट आखलेला बोर्ड तेवढाच चांगला वाजू शकतो. जेसीएम८०० मध्येही सर्किट बोर्डच होता. हातजोडणीचा खरा फायदा दुरुस्तीत आहे. प्रत्येक भाग समोर दिसतो आणि सुटा निघतो. स्वस्त बांधणीत व्हॉल्व्हची बैठक थेट बोर्डावरच असते, त्यामुळे उष्णता आणि धक्के बोर्डाला सोसावे लागतात. तेव्हा दुकानदाराला विचारायचं ते हे: व्हॉल्व्हची बैठक बोर्डावर आहे की पत्र्याच्या सांगाड्यावर?

दुरुस्तीचा मुद्दा महाराष्ट्रात अधिक महत्त्वाचा ठरतो. व्हॉल्व्हवर काम केलेले रेडिओ-टीव्हीचे जुने कारागीर आता थोडे उरले आहेत. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची बुधवार पेठ इथे सुटे भाग मिळतात, पण गिटार अ‍ॅम्पचा बायस (पॉवर व्हॉल्व्हमधल्या प्रवाहाची जुळणी) नीट लावून देणारा माणूस शोधावा लागतो. तो शोध खरेदीच्या आधी व्हायला हवा. एसी१५ सारख्या कॅथोड बायसच्या अ‍ॅम्पमध्ये पॉवर व्हॉल्व्ह बदलणं तुलनेने सोपं, जुळवलेली जोडी लावली की सहसा भागतं. फिक्स्ड बायसच्या बहुतेक अ‍ॅम्पना, उदाहरणार्थ डीलक्स रिव्हर्बला, बदलानंतर जाणकाराचा हात लागतो.

अमेरिकेतल्या मुलीकडून, भावाकडून अ‍ॅम्प मागवायचा मोहही अनेक मराठी घरांत होतो, कारण तिथे किंमत कमी आणि निवड मोठी. तिथली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. इथली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. तो अ‍ॅम्प थेट इथल्या प्लगला लावला तर क्षणात निकामी होऊ शकतो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. केवळ ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो. शिवाय परदेशातली हमी इथे चालतेच असं नाही. सीमाशुल्क आणि वाहतूक धरली तर बचत बरीचशी आटते. इथल्या विजेसाठी बनलेलं मॉडेल इथेच घेणं शहाणपणाचं, जरी रंग आणि प्रकार कमी मिळाले तरी. पावसाळ्याचीही दखल घ्यावी. कोकणात, मुंबईत, गोव्यात जॅक आणि व्हॉल्व्हच्या बैठकीतले संपर्क गंजतात आणि खरखर सुरू होते. आठवड्यातून दोनदा अ‍ॅम्प अर्धा तास चालू ठेवला तर आतली ओल निघून जाते.

व्हॉल्व्ह पुढे मिळतील का, ही काळजी २०२२ मध्ये खरी ठरता ठरता राहिली. गिटार अ‍ॅम्पचे बहुतेक व्हॉल्व्ह आज तीनच देशांत बनतात. स्लोव्हाकियातल्या चाड्त्सा गावी जेजेचा कारखाना आहे, रशियातल्या साराटोव्हला न्यू सेन्सरचा, आणि उरलेले चीनमध्ये. साराटोव्हच्या एकाच कारखान्यातून सॉव्हटेक, इलेक्ट्रो-हार्मोनिक्स, टंग-सोल, मुलार्ड अशी अनेक नावं बाहेर पडतात. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर रशियाने निर्यातीवर बंधनं घातली, दुकानांतला साठा संपला, भाव चढले. नंतर पुरवठा सुरू झाला, भाव मात्र पूर्वीचे राहिले नाहीत. म्हणून १२एएक्स७, ईएल३४, ६एल६, ईएल८४, ६व्ही६ यांसारख्या सर्वत्र मिळणाऱ्या व्हॉल्व्हवर चालणारा अ‍ॅम्पच घ्यावा, आणि पॉवर व्हॉल्व्हची एक जुळवलेली जोडी सोबतच घेऊन ठेवावी.

डिजिटल अ‍ॅम्पचं काय? त्यांना आता बाजूला सारता येत नाही. खुद्द फेंडरने २०१९ मध्ये डीलक्स रिव्हर्बची टोन मास्टर ही डिजिटल आवृत्ती काढली. वजन सुमारे साडेदहा किलो, म्हणजे मूळच्या निम्म्याच्या आसपास, आणि मागे ताकद उतरवायचा स्विच. जर्मनीचा केंपर, फिनलंडच्या न्यूरल डीएसपीचा क्वाड कॉर्टेक्स आणि न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर हे मोफत सॉफ्टवेअर खऱ्या अ‍ॅम्पची नक्कल इतकी जवळून करतात की ध्वनिमुद्रण ऐकून फरक ओळखणं मुरलेल्या कानांनाही जड जातं. जो रात्री अकरानंतर हेडफोन लावूनच वाजवणार आहे, दर गाण्याला वेगळा स्वर ज्याला हवा आहे, किंवा जो लोकलने तालमीला जातो, त्याच्यासाठी व्हॉल्व्ह अ‍ॅम्प हा चुकीचा खर्च आहे. व्हॉल्व्हची बाजू उरते ती खोलीत. शरीराला जाणवणारी हवा, स्पीकर आणि तार यांच्यातला फीडबॅक, आणि गिटारच्या व्हॉल्यूमच्या बटणावर बोट फिरवून स्वच्छ ते खरखरीत असा सगळा पल्ला गाठण्याचं सुख. खोलीत वाजवता येत असेल तर ते अजूनही मोलाचं आहे.

मंचाचा विचार करणाऱ्यांनी आजच्या मंचाकडे पाहावं. एकेकाळी मुंबईच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉकला मोठाले मार्शल उघड्यावर गर्जत असत. शांतता क्षेत्राच्या नियमांनी ती जागा मैफलींसाठी बंद झाली. आता बहुतेक क्लबमध्ये आणि महोत्सवांत अ‍ॅम्प आयोजकच पुरवतात आणि सगळा आवाज मिक्सरमधून जातो. स्वतःचा शंभर वॅटचा हेड आणि चार स्पीकरांचं कॅबिनेट टेम्पोत घालून नेण्याची गरज जवळजवळ उरलेली नाही. ढोलकीच्या नव्हे, पूर्ण ड्रम किटच्या बरोबरीने वाजवायलाही वीस-बावीस वॅट पुरतात. अगदी स्वच्छ स्वर ड्रमच्या वर टिकवायचा असेल तरच चाळीस वॅटकडे जावं.

हे सगळं ध्यानात घेऊन निवडी सुचवायच्या तर अशा. पेडल लावून वाजवणाऱ्याला, फंक, सिनेसंगीत, जॅझ, साधा पॉप वाजवणाऱ्याला फेंडरचं घराणं. पैसे असतील तर डीलक्स रिव्हर्ब, जागा आणि आवाज दोन्ही कमी हवे असतील तर दहा इंची स्पीकरचा प्रिन्स्टन रिव्हर्ब, आणि खिसा सांभाळायचा तर पंधरा वॅटचा ब्लूज ज्युनिअर. त्यावर मास्टर व्हॉल्यूम असल्यामुळे घरी तो जास्त समजूतदार वागतो. किणकिणते कॉर्ड, रिदम आणि इंडी वाजवणाऱ्याला व्हॉक्स एसी१५. एसी३० चा स्वर नक्कीच मोठा आहे, पण बत्तीस किलोच्या आसपासचं वजन तिसऱ्या मजल्यावर चढवून पाहिल्याशिवाय तो घेऊ नये. क्लासिक रॉकसाठी मार्शलच्या स्टुडिओ मालिकेतला वीस वॅटचा अ‍ॅम्प ही आजची सर्वांत विचारपूर्वक केलेली रचना वाटते. तेवढे पैसे नसतील तर डीएसएल २०, कारण एकाच खोक्यात स्वच्छ आणि खरखरीत दोन्ही मिळतात. मेटलसाठी ६५०५ किंवा ५१५० घराण्यातले वीस-पन्नास वॅटचे छोटे हेड. पहिलाच अ‍ॅम्प घेणाऱ्या, अजून आवड ठरायची असलेल्या वादकाला मात्र व्हॉल्व्ह घ्यायची घाई नको. बॉस कटानासारखा स्वस्त, बहुरूपी ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प वर्ष-दोन वर्षं वाजवून मग ठरवावं.

दुकानात जाताना स्वतःची गिटार आणि स्वतःची केबल न्यावी. धोबी तलावच्या फुर्टाडोजसारख्या जुन्या दुकानांत बसून वाजवायला मिळतं, त्याचा पुरेपूर लाभ घ्यावा. प्रथम आवाज घरच्या पातळीवर आणावा, बोलताना मान वाकवावी लागणार नाही इतका, आणि दहा मिनिटं तिथेच वाजवावं. मग गिटारचं व्हॉल्यूम दहावरून पाचवर आणून खरखर विरते का पाहावं. गिटारची केबल काढून नुसता अ‍ॅम्प चालू ठेवून गुणगुण ऐकावी. थोडी असणारच, घरघर असू नये. शेवटी दुकानदाराची परवानगी घेऊन एकदा मोठ्याने वाजवावं, खोक्याच्या फळ्या, जाळी किंवा एखादा व्हॉल्व्ह विशिष्ट स्वरावर खणखणतो का ते तेव्हाच कळतं. आणि बिल घेताना व्हॉल्व्हवरची हमी वेगळी विचारावी. अ‍ॅम्पवर वर्ष-दोन वर्षांची हमी असली तरी व्हॉल्व्हवर ती बहुधा तीन महिन्यांचीच असते. सदोष व्हॉल्व्ह बहुतेकदा सुरुवातीच्या काही आठवड्यांतच दगा देतात, म्हणून नवा अ‍ॅम्प पहिले तीन महिने रोज, आणि जमेल तेव्हा भरपूर मोठ्या आवाजात चालवावा.